आधी इंद्रसभा, मग धबधबा



आषाढ लागला की घराघरांत वेरूळच्या सहलीचे बेत सुरू होतात. पावसाळ्यात २९ क्रमांकाच्या लेण्याजवळ येळगंगा कड्यावरून कोसळते. खालच्या कुंडाला सीतेची न्हाणी म्हणतात. मुलांचा सगळा जीव त्या पाण्यात. मग ओले कपडे, कुरकुरणारी नातवंडं आणि "आपली लेणी पुढच्या वेळी पाहू" म्हणत गाडी घराकडे. माझं स्पष्ट मत आहे की हा क्रम उलटा करावा.

जैन लेणी ३० ते ३४ क्रमांकाची, उत्तरेला जराशी बाजूला. कैलास पाहून दमलेले पाय तिकडे वळत नाहीत. म्हणून सकाळी आधी तिथेच जावं. ३२ क्रमांकाची इंद्रसभा दुमजली आहे. आम्रवृक्षाखालची अंबिका आणि तिचा सिंह मुलांना दाखवा. नागफणा धारण केलेले पार्श्वनाथ दाखवा, अंगावर वेली चढल्या तरी न हललेले बाहुबली दाखवा. पाठशाळेत ऐकलेलं तिथे डोळ्यांना दिसतं. फक्त मूर्तींना हात लावू देऊ नका.

आता पाण्याचं. घरात आपण पाणी गाळून वापरतो, नळ उगाच वाहत राहिला तर मुलांना रागावतो. मग कुंडात निव्वळ मौजेसाठी उड्या कशाला? विनाकारण केलेल्या हिंसेला शास्त्रात अनर्थदंड म्हटलं आहे आणि उगाच पाणी उडवणंही त्यातच येतं. चातुर्मासात साधू-साध्वी जीवरक्षणासाठी एका ठिकाणी थांबतात. आपण निदान एवढं तरी पाळावं.

"आई, काळ बदलला," असं सुना म्हणतील. बरं, शास्त्र क्षणभर बाजूला ठेवू. गढूळ कुंडाचा तळ दिसत नाही. शेवाळलेल्या दगडावर पाय ठरत नाही. वर डोंगरात जोराचा पाऊस झाला की खाली अचानक लोंढा येतो. तिथे पट्टीच्या पोहणाऱ्याचंही काही चालत नाही. जमाखर्च मांडून पाहा, घटकाभराच्या गमतीसाठी पोटचं पोर पणाला लावायचं का?

धबधबा पाहूच नये, असं मी म्हणत नाही. लांब, कोरड्या जागी बसून डोळे भरून पाहावा.

वेरूळ मंगळवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. आणि डबा सूर्यास्ताच्या आत संपेल इतकाच भरा.