नाणे कोणाचे, यापेक्षा कस कोणता: रायगड १६७४ ते यूपीआय

१/८
मालवणच्या बाजारात गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये एका कंपनीचे ॲप, मासळीवालीच्या टोपलीशेजारी दुसऱ्याच कंपनीचा क्यूआर, आणि दोघांच्या बँकाही निराळ्या. तरी पैसे क्षणात पोहोचतात. आज यात नवल वाटत नाही; पण ‘कोणाचे नाणे कोठे चालावे’ हा या किनाऱ्यावरचा फार जुना प्रश्न आहे.

२/८
सतराव्या शतकात कोकणात एकच चलन नव्हते. सोन्याचा होन, मोगली रुपया, गोव्याची पोर्तुगीज नाणी आणि लारी, म्हणजे दुमडलेली चांदीची तार. इराणमधील लार शहरावरून तिला हे नाव पडले. पुढे विजापूरच्या आदिलशाहीनेही लाऱ्या पाडल्या.

३/८
या सर्वांचा मेळ सराफ घाली. तो नाणे कसाला लावी, तोली आणि बट्टा कापून बदलून देई. परगावी रक्कम धाडायची तर हुंडी होती. व्यवस्था चोख होती. मात्र ज्याला कस पारखता येत नसे, त्यालाच तिची झळ अधिक बसे.

४/८
जून १६७४. राज्याभिषेकाच्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर होता. कंपनीच्या मागण्यांत एक कलम असे होते, की इंग्रजांचे नाणे स्वराज्यात चालावे.

५/८
इंग्रजी वृत्तांतानुसार महाराजांचे उत्तर मार्मिक होते. प्रजेला तोटा होईल असे नाणे घेण्याची सक्ती ते करणार नव्हते. मात्र मोगल व इतर राजांच्या नाण्यांइतका कस आणि वजन असेल, तर मनाईही नव्हती. म्हणजे निकष छाप नव्हे, कस. आजच्या संज्ञा त्या काळाला चिकटवू नयेत; तत्त्व मात्र ओळखीचे आहे.

६/८
१८३५ मध्ये कंपनी सरकारने आपल्या मुलुखासाठी १८० ग्रेनचा एकच रुपया ठरवला. मेळ झाला, पण सत्तेच्या बळावर. १८८० पासून टपाल खात्याची मनीऑर्डर आली आणि मुंबईच्या गिरणीतला पगार कोकणातल्या घरी पोहोचू लागला.

७/८
मोबाइल वॉलेट आली तेव्हा जुनाच पेच परतला: एकातला पैसा दुसऱ्यात जाईना. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआयने बँकांना एका नियमावलीत जोडले. ऑक्टोबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतःपुरते क्यूआर बंद करून मार्च २०२२ पर्यंत सर्वांना चालणारे क्यूआर आणण्यास सांगितले. केनियात एम-पेसा २००७ मध्ये सुरू झाली, पण प्रतिस्पर्धी सेवांशी तिची थेट देवघेव जुळायला २०१८ उजाडले. कंपन्या आपणहून कुंपण काढीत नाहीत. सामायिक कस कोणीतरी ठरवावा लागतो.

८/८
तरीही काम संपलेले नाही. यूपीआयचे सुमारे चार-पंचमांश व्यवहार दोनच ॲपवरून होतात. एका ॲपकडे ३० टक्क्यांहून अधिक व्यवहार नसावेत, हा नियम नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झाला. त्याची मुदत लांबत डिसेंबर २०२६ वर गेली आहे. नाणे सर्वत्र चालते, पण सराफ दोनच उरले, तर उद्या बट्टा कोण ठरवणार? म्हणून ही मुदत पुन्हा वाढू नये. चलनव्यवस्थेची परीक्षा १६७४ मध्ये होती तीच आज आहे: ज्याला कस पारखता येत नाही, त्याचा तोटा होता कामा नये.