छावणीतली कविता

२५ ऑगस्ट २०१७ रोजी म्यानमारच्या राखाइन प्रांतात लष्करी कारवाई सुरू झाली आणि पुढच्या काही महिन्यांत तिथल्या रोहिंग्या समाजातल्या सात लाखांहून अधिक लोकांनी बांगलादेश गाठला. कॉक्स बझारच्या टेकड्यांवर, बांबू आणि ताडपत्रीच्या खोपटांत, त्यांतले बहुतेक आजही आहेत. तेव्हा हाताला धरून आणलेली पोरे आता मिसरूड फुटलेली आहेत. त्यांतली काही कविता म्हणतात.

निर्वासिताच्या पोराला आपली कहाणी सांगावीच लागते. नोंदणीच्या टेबलापाशी, पत्रकारापुढे, मदतसंस्थेच्या माणसापुढे. दर वेळी प्रश्न दुसऱ्याचा असतो: घर कधी जाळले, कोण कोण मारले गेले? कविता म्हणायला उभे राहिले की विचारणारा कुणी नसतो. पोर जळलेल्या घराबद्दल बोलेल, नाहीतर आवडलेल्या मुलीबद्दल, गावाकडच्या भातशेताबद्दल. काय सांगायचे आणि काय पोटात ठेवायचे, हे त्याचे त्याने ठरवायचे. म्यानमारच्या १९८२च्या कायद्याने ज्यांना नागरिकत्वाबाहेर ढकलले, त्यांच्या वाट्याला ठरवण्यासारखे दुसरे काय उरले आहे?

रोहिंग्या भाषा मुख्यतः तोंडीच जगली. तिची हनीफी लिपी १९८०च्या दशकातली. त्यामुळे कविता म्हणून दाखवणे या पोरांना कुणी शिकवावे लागले नाही, वडीलधाऱ्यांची ‘तराना’ गाणी कानावर होतीच. तरुणांनी त्यात मोबाइल आणला. मय्यू अली या कवीने ‘आर्ट गार्डन रोहिंग्या’ हे ऑनलाइन व्यासपीठ उभे केले. २०१९मध्ये रोहिंग्या कवींचा संग्रह इंग्रजीत निघाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये छावण्यांतले मोबाइल इंटरनेट बंद झाले, ते जवळजवळ वर्षभर. कारण सुरक्षेचे दिले गेले. आवाज बंद झाला तो या पोरांचा.

कवितेने पोट भरत नाही, परतीची वाटही उघडत नाही. म्यानमारचा शालेय अभ्यासक्रम छावण्यांत सुरू व्हायला २०२१ उजाडले. वाया गेलेली ती वर्षे कुठलेही काव्यवाचन भरून देणार नाही, आणि देणगीदारांनी कविता-कार्यशाळांचे फोटो छापून त्यांचा हिशेब मिटवू नये.

रोहिंग्या आपल्याकडेही आहेत, जम्मूत, हैदराबादेत, दिल्लीत. १९५१च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही. सरकारने काय करावे, हा वाद चालत राहील. आपल्या साहित्य संमेलनांना आणि महाविद्यालयांच्या काव्यमंचांना मात्र त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. त्यांनी या कविता मराठीत आणाव्यात, कवीला सन्मानाने बोलवावे आणि इतर कवींना देतात तेवढेच मानधन त्यालाही द्यावे.