बदला की बदली?

एप्रिल म्हणजे आपल्याकडे रडारडीचा सीझन. अप्रेझलची लेटर्स हातात पडतात आणि कॉफी शॉपमधल्या प्रत्येक टेबलावर एकच विषय असतो: बॉस. परवा माझ्या एका मैत्रिणीला ७ टक्के वाढ मिळाली आणि तिच्या शेजारच्या क्युबिकलमधल्या मुलाला ११. बाईसाहेबांनी रात्री २ वाजता एचआरला लांबलचक मेल ठोकला, बॉसच्या बॉसला सीसीमध्ये टाकलं आणि सकाळी मला फोन करून म्हणाल्या, "होऊन होऊन काय होईल गं? पेपर टाकीन!"

'पेपर टाकीन.' आपल्या पिढीचं ब्रह्मास्त्र! हे ऐकलं की मला दोन वर्षांपूर्वीचा एक फोन आठवतो. ज्यानं तो केला होता, त्याच्याकडे हे अस्त्र नव्हतं. नोकरी आवडली नाही म्हणून तो उद्यापासून न जाता घरी बसला असता, तर त्याला राजीनामा नाही, फरारी म्हणतात.

फोन माझ्या मामेभावाचा होता. आमचा दादा, फौजेतला. गावाकडे लग्नात वाढपी कमी पडले तर युनिफॉर्मची इस्त्री न मोडता दोनशे पानं वाढणारा माणूस. स्वतःबद्दल कधी अवाक्षर बोलणार नाही. त्या रात्री साडेअकराला म्हणाला, "तायडे, तू पेपरात लिहितीस ना? मग माझं एक छाप की."

त्याची तक्रार काय होती, कोणाबद्दल होती, तो कुठे होता, हे मी इथे लिहिणार नाहीये. का, ते पुढे कळेलच. एवढंच सांगते की गोष्ट खरी होती, गंभीर होती आणि त्याच्यापेक्षा वरच्या माणसाबद्दल होती.

आणि आता कबुली. माझी पहिली रिअ‍ॅक्शन बहिणीची नव्हती, फ्रीलान्सरची होती. डोक्यात हेडलाइन तयार! कोणत्या एडिटरला पिच करायचं, तेही ठरलं. मास कॉमला शिकवलेलं आठवत होतं: सोर्सचं नाव द्यायचं नाही, 'एका जवानाने सांगितले' एवढंच लिहायचं. झालं की काम!

नशीब, दुसऱ्या दिवशी आप्पामामांना फोन केला. मामा सुभेदार म्हणून रिटायर झालेले. माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोराला आत घालायचंय का तुला?"

मग माझा क्लास सुरू झाला. राज्यघटनेच्या कलम ३३ नुसार सैन्यातल्या लोकांच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते. त्यावरून आर्मी अ‍ॅक्ट, १९५० मध्ये कलम २१ आलं. युनियन काढणं, सभांना जाणं आणि प्रेसशी बोलणं, तिन्हींवर बंधनं. म्हणजे दादाचं म्हणणं शंभर टक्के खरं असतं, तरी परवानगीशिवाय मला सांगून छापून आणणं हाच त्याच्यावरचा ठपका झाला असता. मूळ तक्रार राहिली बाजूला, आरोपी हाच!

"आणि नाव नाही घातलं तर कळत नाही असं वाटतंय तुला?" मामा म्हणाले. "शंभर माणसांत कोण काय बोलतो, ते शंभर जणांना ठाऊक असतं."

मला २०१७ चं देवळाली आठवलं. अधिकाऱ्यांच्या घरची कामं करणाऱ्या सहायक जवानांचं छुप्या कॅमेऱ्यानं केलेलं शूटिंग एका वेबसाइटनं फेब्रुवारीत दाखवलं होतं. चेहरे धूसर केले होते. मार्चच्या सुरुवातीला त्या व्हिडिओतला एक जवान नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात मृतावस्थेत सापडला. पत्रकारावर गुन्हा दाखल झाला, तो मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये रद्द केला. कोर्टात काय झालं ते एक. पण धूसर केलेला चेहरा म्हणजे चिलखत नव्हे, हे माझ्यासारखीनं विसरून चालणार नाही. मी हेडलाइन डिलीट केली.

मग जवानानं करायचं काय? तर रस्ता आहे. तोही कायद्यातच आहे. त्याच आर्मी अ‍ॅक्टचं कलम २६ जवान, एनसीओ आणि जेसीओंसाठी. अन्याय झालाय असं वाटलं, तर आपल्या कंपनीच्या कमांडरकडे तक्रार करता येते. तक्रार त्याच्याचबद्दल असेल तर त्याच्या वरच्याकडे. तिथेही अन्याय वाटला तर थेट लष्करप्रमुखांकडे, आणि त्यांचा निर्णय केंद्र सरकार बदलू शकतं. अधिकाऱ्यांसाठी कलम २७ आहे, त्यांचा रस्ता शेवटी केंद्र सरकारकडे जातो. तक्रार ज्याच्या हाती येईल, त्यानं शक्य तितकी पूर्ण चौकशी करायचीच, असंही कलम २६ म्हणतं.

कागदावर छान आहे. आपल्या एचआर पॉलिसीपेक्षा छान! पण आपल्यासारखं दहा जणांच्या सह्यांचं पत्र इथे चालत नाही. ज्याची तक्रार, त्यानं एकट्यानं, स्वतःच्या नावानं करायची. शिवाय कलम ५६ आहे. तक्रारीत एखाद्याच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं लिहिलं किंवा महत्त्वाची गोष्ट मुद्दाम लपवली, तर ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खोटं बोलणाऱ्याला शिक्षा हवीच. पण मी विचारलं, "मामा, खरं बोलणाऱ्याला त्रास दिला तर?"

मामा थोडा वेळ गप्प बसले.

हाताखालच्या माणसाला वाईट वागवणं हा गुन्हा आहे. कलम ४७, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. पण 'तक्रार केली म्हणून सूड उगवला' असा वेगळा गुन्हा आर्मी अ‍ॅक्टमध्ये लिहिलेला नाही. आणि खरी गोम इथेच आहे. सूड काय गणवेश घालून येतो? तो सुट्टीच्या अर्जावरचा 'नामंजूर' असा शेरा होऊन येतो. मुलांच्या परीक्षेच्या तोंडावर आलेली पोस्टिंग ऑर्डर होऊन येतो. मराठीत तर बदला आणि बदली यांत फरकच मुळी काना-वेलांटीचा!

पूर्वी अशा वेळी एकच दार होतं, हायकोर्टाचं. मग २००७ मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा झाला आणि २००९ पासून हे ट्रिब्युनल सुरू झालं. मुंबईतही त्याचं खंडपीठ आहे. आधी आतल्या सगळ्या पायऱ्या चढायच्या. सहा महिने उत्तरच आलं नाही, तर ट्रिब्युनलचं दार ठोठावता येतं. प्रमोशन, पेन्शन, सेवेच्या अटी, कोर्टमार्शल, बरंच काही तिथे चालतं.

वाचून मी खूश झाले. मग व्याख्यांचं कलम वाचलं. ट्रिब्युनल ज्या गोष्टी ऐकू शकत नाही त्यांची तिथे छोटीशी यादी आहे. त्यात काय आहे सांगू? बदल्या आणि पोस्टिंग. आणि कोणत्याही प्रकारची रजा.

दोनदा वाचलं मी ते. सरकारची बाजू समजते. कोणाला सियाचीनला पाठवायचं आणि कोणाला पुण्याला, हे प्रत्येक वेळी वकिलांनी ठरवायला लागलं तर फौज चालणार कशी? मान्य. पण सूड उगवणाऱ्याच्या हाताशी सगळ्यात सोपी हत्यारं कोणती, तर हीच दोन. आणि नेमकी तीच ट्रिब्युनलच्या उंबऱ्याबाहेर. हायकोर्टात रिट करता येतं, पण जवानाच्या पगारात आणि सुट्टीत ते झेपायला हवं ना.

अमेरिकेत या भोकाला ठिगळ लावायचा प्रयत्न झालाय. खासदाराला पत्र लिहिण्यापासून सैनिकाला कोणी अडवायचं नाही, असा नियम तिथे १९५१ मध्येच आला. १९८८ मध्ये खास सैनिकांसाठी कायदा झाला. खासदाराकडे किंवा इन्स्पेक्टर जनरलकडे तक्रार केली म्हणून त्रास दिला, तर त्या त्रासाचीच वेगळी चौकशी होते. आणि त्रासाच्या यादीत बदलीसुद्धा धरतात! २०१९ पासून असा सूड हा तिथल्या लष्करी कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे.

म्हणून तिकडे सगळं आलबेल आहे का? छे! जो डार्बी आठवतो? इराकमधल्या अबू गरेब तुरुंगातल्या छळाचे फोटो २००४ मध्ये त्यानं तपास अधिकाऱ्यांना दिले. नाव गुप्त ठेवू, असा शब्द त्याला मिळाला होता. चार महिन्यांत खुद्द संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी संसदेपुढच्या सुनावणीत टीव्हीवर त्याचं नाव घेतलं. डार्बी तेव्हा इराकमध्येच मेसमध्ये जेवत बसला होता. नंतर त्याला स्वतःच्या गावात परत राहता आलं नाही. कायदा असूनही हे होतं. कायदा नसला तर?

आपल्याकडे २०१७ च्या जानेवारीत बीएसएफच्या तेज बहादूर यादव यांचा जेवणाबद्दलचा व्हिडिओ गाजला होता. एप्रिलमध्ये ते बडतर्फ झाले. बीएसएफ गृहखात्याखाली येतं, त्याचा कायदा वेगळा. पण त्याच जानेवारीत तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी तक्रारपेट्या ठेवायला सांगितलं, नाव गुप्त राहील अशी हमी दिली आणि सोशल मीडियावर गेलात तर शिक्षा होऊ शकते, असंही बजावलं. पेटी चांगलीच आहे. पण हमी एका साहेबाची होती. साहेब बदलतात. कायदा राहतो.

दादानं काय केलं? माझ्याऐवजी मामांचं ऐकलं. एक पानी अर्ज लिहिला. विशेषणं नाहीत, फक्त तारखा, वेळा, कोण हजर होतं ते. प्रत स्वतःकडे ठेवली, पोच घेतली. रीतसर इंटरव्ह्यू मागून साहेबांसमोर उभा राहिला. चौकशी झाली आणि जे चुकलं होतं ते खरंच दुरुस्त झालं. सिस्टीम चालली, बॉस!

तीन महिन्यांनी पोस्टिंग ऑर्डर आली. शाळेचं वर्ष अर्धं झालं होतं. वहिनी मुलांना घेऊन गावी गेल्या, दादा दुसरीकडे. त्याची तिथली मुदत तशी भरत आली होती, त्यामुळे ती रूटीन असेलही. नसेलही. विचारायचं कोणाला आणि सिद्ध करायचं कसं?

दादा गेल्या वर्षी पेन्शनवर आला. हा कॉलम लिहू का, म्हणून मी गेल्या महिन्यात त्याला विचारलं. म्हणाला, "लिही. युनिटचं नाव घालू नको. युनिट चांगलं होतं." मग थोडं थांबून म्हणाला, "बदलीचं तेवढं मला अजून कळलं नाही बघ."

मैत्रिणीला मी एवढंच सांगितलं: पेपर नंतर टाक, आधी तारखा लिहून काढ. आणि तुम्हाला सांगते, उद्या एखाद्या जवानाचा व्हिडिओ तुमच्या फोनवर आला तर फॉरवर्ड करण्याआधी त्याच्या चेहऱ्याकडे एकदा बघा. आपल्या एका क्लिकचं बिल तो भरतो. त्यापेक्षा मत मागायला दारात येणाऱ्या खासदाराला विचारा: रजा आणि बदली त्या यादीत का?