साडेतेवीस टीएमसी आणि दोन हंडे

पावसाळ्यात मराठी माणूस खिडकीबाहेर कमी आणि वर्तमानपत्रात जास्त पाहतो. बाहेर धो धो कोसळत असले तरी त्याचा विश्वास बसत नाही. जिल्ह्याच्या पानावर, कोपऱ्यातल्या त्या चौकटीत, ‘धरणांतील पाणीसाठा’ या मथळ्याखाली आकडा चढला की मगच पाऊस पडला असे तो मानतो. दहावीचे निकाल नुकतेच लागून गेलेले असतात आणि टक्के विचारायची सवय अजून सुटलेली नसते. त्यामुळे शेजारच्या मुलाला जे विचारायचे, तेच आपण धरणांना विचारू लागतो. खडकवासला किती? पानशेत किती? आणि भाटघर?

पुण्यात आमच्या सोसायटीत एक निवृत्त गृहस्थ आहेत. भाटघर शंभर टक्के भरल्याची बातमी आली, की ते लांब नळी लावून गाडी धुवायला काढतात. “चला, यंदा कपात नाही!” मी त्यांना एकदा हळूच सांगितले, “काका, भाटघरचा थेंबही आपल्या नळाला येत नाही. आपली तहान मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर भागवतात. भाटघर नीरेच्या खोऱ्यातले. ते पाणी खाली बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जाते.” काकांनी नळी बंद केली नाही, पण ते विचारात पडले. “मग ही बातमी आपल्याला कशाला सांगतात?”

प्रश्न साधा होता. पण साध्या प्रश्नांची उत्तरे देताना भल्याभल्यांची बोबडी वळते. भाटघर भरल्याची बातमी नेमकी कुणासाठी असते?

आधी आकड्याकडे पाहू. भाटघरचा उपयुक्त साठा साडेतेवीस टीएमसी. टीएमसी हा शब्द आपण इतक्या सहजतेने वापरतो, की तो जणू आजीने पाळण्यात शिकवला असावा. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. लिटरमध्ये सांगायचे, तर सुमारे २,८३१ कोटी लिटर. अशा साडेतेवीसांचा गुणाकार मी एका रविवारी कागदावर केला. उत्तर आले सुमारे ६६,५०० कोटी लिटर. तरी डोळ्यांपुढे काही उभे राहीना. मग मी मोजमाप बदलले. उन्हाळ्यात गावोगाव फिरणारा दहा हजार लिटरचा टँकर घेतला आणि भागाकार केला. भाटघरात साडेसहा कोटींहून अधिक टँकर पाणी मावते! हा आकडा लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

इतक्या मोठ्या मालमत्तेला नावही तसेच भारदस्त हवे. ती हौस मात्र प्रत्येक पिढीने भागवून घेतली आहे. १८७६-७७च्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने नीरेच्या कालव्याचे काम हाती घेतले आणि त्याला पाणी पुरवण्यासाठी वेळवंडी नदीवर भाटघरला धरण बांधले. त्या तलावाला व्हायटिंग नावाच्या इंजिनिअरचे नाव दिले. पुढे तो पुरेना, म्हणून त्याच्या जागी मोठे धरण झाले. १९२८ साली ते पुरे झाले आणि त्याला मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांचे नाव मिळाले. गंमत अशी, की लॉईडसाहेब १९२३ सालीच गव्हर्नरपद सोडून गेले होते. म्हणजे काम एकाच्या कारकिर्दीत, पाटी दुसऱ्याची, ही पद्धत आपण स्वातंत्र्यानंतर शोधून काढली असा जो समज आहे, तो चुकीचा आहे. पुढे स्वराज्याची आठवण झाली आणि जलाशय येसाजी कंकांचा झाला. हे मात्र शोभले. येसाजी याच खोऱ्यातल्या भुतोंड्याचे. गोवळकोंड्यात हत्तीशी झुंजल्याची त्यांची कथा इथली पोरेसोरेही सांगतात. शेजारच्या वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करायचा निर्णयही २०२४ साली झाला. नावे बदलली, पाट्या बदलल्या. पाणी मात्र कुठलीच पाटी न वाचता उताराकडे जात राहिले, आणि लोक आपले ‘भाटघर’च म्हणत राहिले.

भाटघरचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्याचे ४५ स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरावीक पातळीला आले, की ते आपले आपण उघडतात. कुणाचा फोन नको, वरून आदेश नको, बैठक नको. सर विश्वेश्वरय्यांनी स्वयंचलित दरवाजांची युक्ती १९०३च्या सुमारास खडकवासल्याला यशस्वी करून दाखवली होती. सरकारी मुलखात एखादी गोष्ट विनाअर्ज वेळेवर उघडते, हे दृश्य पाहायला खरे तर शाळांच्या सहली न्यायला हव्यात. धरण आपोआप भरते, दरवाजे आपोआप उघडतात. स्वयंचलित नसते ती फक्त एक गोष्ट : जलपूजन. त्याला पाहुणे लागतात, साडीचोळी लागते, खण-नारळ लागतो आणि मुख्य म्हणजे छायाचित्रकार लागतो. पाऊस कुणी पाडला याविषयी व्यासपीठावर एकमत नसते, पण तो आपल्याच काळात पडला याविषयी सगळ्यांची खात्री असते.

ही झाली ऑगस्टची बातमी. भाटघरची दुसरी बातमी मे महिन्यात येते. मथळा ठरलेला : ‘भाटघरने तळ गाठला’. मग पाण्याखाली गेलेले कांबरेश्वराचे जुने देऊळ वर येते. वर्षातला बराच काळ पाण्यात राहिलेला तो देव कोरडा झाला, की त्याच्या दर्शनाला शहरातून गाड्या सुटतात. भेगाळलेल्या गाळावर उभे राहून लोक फोटो काढतात. “किती सुंदर ना!” म्हणतात. दुष्काळाचे इतके मनमोकळे कौतुक जगात दुसरीकडे क्वचितच होत असेल.

म्हणजे भाटघर वर्षातून दोनदा बातमीत येते : भरले तेव्हा आणि आटले तेव्हा. मधल्या काळात ते कुठे असते, हे मला माझ्या आत्यामुळे ठाऊक आहे.

आत्या वेळवंड खोऱ्यातल्या एका गावात दिली. गाव धरणाच्या फुगवट्याच्या टोकाला, डोंगराच्या अंगावर. पूर्वीची जमीन पाण्यात गेली, म्हणून घरे वर सरकली. पावसाळ्यात तिच्या ओसरीवरून दिसणारे पाणी पाहून माझे शहरी मित्र म्हणाले होते, “आजी, तुमचे घर म्हणजे लेक व्ह्यू! आमच्याकडे याचे कोट मोजावे लागतात.” आत्याने विचारले, “आन् तुमच्यात पानी कुटं दिसतं?” मित्र म्हणाला, “आमच्यात दिसत नाही, नळाला येते.” आत्या क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मंग आपन अदलाबदल करू या का, दादा?”

मे महिन्यात मी गेलो, तेव्हा गावात टँकर येऊन गेला होता. आत्या दोन हंडे भरून बसली होती. मी म्हटले, “आत्या, अगं समोर एवढे धरण, आणि तुला टँकर?” ती म्हणाली, “अरं बाळा, धरान आमच्या दारात हाय, घरात न्हाई.”

यात जादूटोणा काही नाही. धरणाचे पाणी उतरू लागले, की ते भिंतीकडे सरकते आणि फुगवट्याचे शेपूट आधी उघडे पडते. पावसाळ्यात ओसरीपाशी असलेला काठ मे महिन्यात दूर खाली, गाळापलीकडे जातो. भाटघरातून सोडलेले पाणी वेळवंडीतून नीरेत, नीरेतून वीर धरणात आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांत उताराने फुकट वाहत जाते. आत्याच्या घरी मात्र ते चढावे लागते. त्याला पंप हवा, वीज हवी, आणि महिन्याच्या महिन्याला बिल भरणारे कुणीतरी हवे. भाटघरच्या पायथ्याशी १६ मेगावॅटचे वीजकेंद्रही आहे. पण वीजही पाण्यासारखीच, जिथे तयार होते तिथे थांबत नाही. विहिरीचे म्हणाल, तर इथला काळा कातळ पाणी फारसे पोटात ठेवत नाही. घाटमाथ्यावर बदाबदा पडलेला पाऊस ओढ्या-नाल्यांनी धरणात पळतो आणि दिवाळीनंतर झरे आवाज बंद करू लागतात.

आत्याच्या गावातही एका योजनेतून नळ आला आहे. पिवळा पाइप आहे, तोटी आहे, तोटीला खाली छोटा चौथरा आहे. पाणी सवडीने येते. आत्या त्या तोटीला तुळशीसारखी पुसून ठेवते. “देव हाय, न्हाई म्हनू नये,” म्हणते, “पर नवसाला पावत न्हाई.”

आता कुणी म्हणेल, की खालच्या उसावर हे सगळे खापर फोडायचे आहे. मुळीच नाही. इंदापूर-बारामतीचा पूर्व भाग म्हणजे पावसाच्या सावलीतला मुलूख. तिथे नीरेच्या कालव्याने माणसे जगवली आहेत. तिथला शेतकरी पाण्याची पाळी चुकली तर रात्र रात्र डोळा लावत नाही. त्याच्यासाठीच हे धरण बांधले, आणि ते त्याला मिळालेच पाहिजे. पण प्यायला लागते किती? आत्याच्या गावासारख्या हजार वस्तीच्या गावाला माणशी ५५ लिटर धरले, तरी दिवसाला साडेपाच टँकर. वर्षाला दोन हजारांच्या आसपास. अशी शंभर गावे मोजली तरी दोन लाख टँकर. आणि धरणात किती? साडेसहा कोटी! म्हणजे शंभर रुपयांतले जेमतेम तीस पैसे. इतके सुटे पैसे तर आपण दुकानदाराकडून परतही मागत नाही.

भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी या भोर-वेल्ह्यातल्या पाच धरणांचा उपयुक्त साठा जोडला, तर तो साठ टीएमसीच्या पुढे जातो. पुण्याला पाणी इथून, नीरा कालव्यांना पाणी इथून. आणि उन्हाळ्यात टँकरच्या मागणीचे अर्जही इथूनच! ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण ज्याने कुणी काढली, तो बहुधा याच रस्त्याने गेला असावा.

म्हणून माझी संपादकांना, आणि त्यांच्यामार्फत सरकारला, एक नम्र सूचना आहे. फार खर्चाची नाही. वर्तमानपत्रातल्या त्या चौकटीत धरणाचे नाव, क्षमता, आजचा साठा आणि टक्के असे चार रकाने असतात. त्यात पाचवा रकाना घाला : ‘काठावरच्या गावांत आजचे टँकर’. बाकी काही करू नका. भाषण नको, योजना नको, नवे नाव तर मुळीच नको. रोज सकाळी चहाबरोबर तेवढा एक आकडा छापा. भाटघर : साठा इतका, टक्के इतके, टँकर इतके. ऑगस्टमध्ये तो रकाना रिकामा राहील, तेव्हा खुशाल खण-नारळ वाहा. मेमध्ये तो भरला, की देवळाच्या फोटोशेजारी तोही दिसू द्या.

आपल्याला टक्क्यांची लाज वाटते, हे दहावीपासून सिद्ध झाले आहे. शून्य मिळवण्यात मोठेपणा असणारी ही एकमेव परीक्षा असेल. ज्या वर्षी पाचव्या रकान्यात मे महिन्यातही शून्य येईल, त्या वर्षी भाटघर खऱ्या अर्थाने शंभर टक्के भरले असे समजू. जलपूजनाला आत्याला बोलवा. साडीचोळी तिच्याकडे आहे. येताना ती दोन्ही हंडेही घेऊन येईल, रिकामे, आणि नारळाशेजारी ठेवून देईल.