शिस्त हवीच, पण आधी ऐकून घ्या

मे 2025 ची गोष्ट अजून अनेक घरांत निघते. पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या मुस्लिम मुलीने 'ऑपरेशन सिंदूर'च्या दिवसांत सरकारवर टीका करणारी, दुसऱ्या कुणाची तरी पोस्ट इन्स्टाग्रामवर शेअर केली. धमक्या यायला लागल्यावर दोन तासांत ती काढली, माफीही मागितली. तरीही 9 मे रोजी कॉलेजने तिला काढून टाकलं आणि त्याच दिवशी पोलिसांनी अटक केली. 27 मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला, कॉलेजचा आदेश स्थगित केला आणि परीक्षेला बसू द्या असं सांगितलं. तोवर दोन पेपर बुडाले होते.

पोस्ट बरोबर होती की चूक, हा वाद बाजूला ठेवू. आमचा प्रश्न कॉलेजला आहे. मुलीला नोटीस दिली का? तिचं म्हणणं ऐकलं का? न्यायालयानेही नेमकं यावरच बोट ठेवलं की, बाजू मांडायची संधीच तिला मिळाली नाही. साधा चोर पकडला तरी त्याला बोलू देतात. मग वर्गातल्या मुलीला का नाही?

दुसरं उदाहरण मुंबईचं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, म्हणजे 'टिस'ने, एप्रिल 2024 मध्ये पीएच.डी. करणाऱ्या एका दलित विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केलं. कारण दिल्लीतल्या मोर्चातला सहभाग आणि सोशल मीडियावरचं लिखाण. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने मात्र निलंबन जेवढं भोगून झालं तेवढ्यावरच थांबवलं. म्हणजे दोन वर्षांचं साधारण एक वर्ष झालं. पण संशोधन करणाऱ्या पोराचं ते एक वर्ष कोण परत देणार?

याचा अर्थ नियमच नकोत, असं आम्ही म्हणत नाही. तसं म्हणणं आपल्याला परवडणारंही नाही. 2019 मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी छळाला कंटाळून जीव दिल्याचा आरोप झाला. त्या तडवी भिल्ल मुस्लिम समाजातल्या. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात 1999 पासून आहे. तो वेळेवर राबवला जावा, ही मागणी आपणच करायची आहे. दुबळ्याला नियमाचाच आधार असतो. म्हणूनच नियम मोडणाऱ्यावर कारवाई व्हावी, पण ती चौकशी करून आणि चुकीच्या मापाने व्हावी. कॉपी करणारा, रॅगिंग करणारा आणि एक पोस्ट टाकून ती काढणारी, या तिघांना एकाच काठीने हाकता येत नाही.

आता थोडं आपल्या घराबद्दल. मुलीच्या नावाची नोटीस लागली की आपल्याकडे पहिलं वाक्य निघतं, "बस झालं शिक्षण, घरी ये." बदनामीच्या भीतीने अम्मी-अब्बा कॉलेजात जाऊन एक शब्दही विचारत नाहीत. मग कॉलेजने दिलेली शिक्षा आठवड्यांची असते आणि आपण दिलेली जन्माची.

त्यापेक्षा काही साध्या गोष्टी करा. ॲडमिशनच्या वेळी हमीपत्रावर सही करण्याआधी ते मुलांसोबत बसून वाचा. नोटीस आली तर तोंडी वाद घालू नका. आरोप काय आणि पुरावा काय, याची प्रत लेखी मागा. मुदतीत उत्तर द्या आणि त्याची पोच जपून ठेवा. कोऱ्या किंवा घाईत लिहून घेतलेल्या माफीनाम्यावर सही करू नका. युजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते आणि तिने 15 कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्यावर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. तिथेही दाद मिळाली नाही आणि परीक्षा तोंडावर असेल, तर वकिलाला भेटायला उशीर करू नका.

आणि मुलांनो, फोनवर बोट दाबण्याआधी एक क्षण थांबा. तुमच्या एका पोस्टवर तुमची डिग्री टांगलेली असू शकते. पण चूक झालीच, तर घरी लपवू नका. आधी घरच्यांनी ऐकून घेतलं, तरच कॉलेजला "आमचंही ऐका" असं ठणकावून सांगता येईल.