बंदूक, कायदा आणि भाकरी

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेत वादविवादसभा भरली होती. विषय विद्यार्थ्यांनीच निवडला होता : बंदुकीने होणारी हिंसा कडक कायद्याने आटोक्यात येईल, की समाजाच्या स्थितीत सुधारणा केल्याने? कायद्याच्या बाजूने बोलणाऱ्यास टाळ्या अधिक मिळाल्या. अध्यक्षपदावरून मी दोन्ही पक्षांची स्तुती करून वेळ मारून नेली. ही कला शिक्षकास लवकर साधते. त्या दिवशी जे मत मी सांगितले नाही, ते आज विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढे ठेवीत आहे.

आपल्या देशात कायदा नाही असे कोणी म्हणू नये. इ. स. १८७८ च्या शस्त्रकायद्याने एतद्देशीयांस परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची बंदी झाली आणि युरोपियनांस तीतून सूट मिळाली. हा पक्षपात स्वराज्यात गेला. १९५९ चा कायदा सर्वांस सारखाच लागू आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकास तीनऐवजी दोनच बंदुका ठेवण्याची मुभा राहिली. विनापरवाना शस्त्र बाळगणारास किमान दोन वर्षे कारावास, आणि ते चोरून घडविणारास किमान सात वर्षे, प्रसंगी जन्मठेप, अशी शिक्षा ठरली. याहून कडक ते काय असावे?

आणि तरीही गावठी कट्टा मिळतो. चोपडे तालुक्याच्या सीमेस लागून मध्यप्रदेशाच्या बडवानी जिल्ह्यात उमर्टी हे गाव आहे. तेथील शिकलगारांचे पूर्वज शीख सैन्यासाठी शस्त्रे घडवीत. राज्ये गेली, गिऱ्हाईक गेले, हातातील कसब तेवढे उरले. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या पोलिसांनी तेथवर जाऊन भट्ट्या मोडल्या. हे योग्यच झाले, कारण तेथील माल पुण्याच्या गल्लीत माणसे मारीत होता. परंतु भट्टी मातीची असते; ती पुन्हा लिंपावयास किती दिवस लागतात? त्या कसबी हातांस दुसरे काम कोण देणार, हा प्रश्न पोलिसांच्या कक्षेतील नव्हे.

याचे उत्तर आपल्याच खानदेशाच्या इतिहासात एकदा शोधले गेले होते. १८१८ साली इंग्रजांनी हा प्रांत घेतला, तेव्हा सातपुड्याचे व सातमाळ्याचे भिल्ल त्यांस वश होईनात. सात वर्षे पलटणी डोंगरात पाठविल्या. कित्येक नायक धरले, कित्येकांस फाशी दिले; शिपाई हिवतापाने मेले; लूटमार थांबली नाही. १८२५ मध्ये धोरण पालटले. मागील गुन्ह्यांची माफी, शेतीसाठी तगाई, नायकांस तनखे, आणि धरणगावी जेम्स औट्रम याच्या हाताखाली भिल्लांचीच पलटण. औट्रम त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर शिकारीस गेला. ज्यांच्या हातून शस्त्र काढून घेता आले नाही, त्यांच्याच हाती ते पगारासह दिले गेले, आणि काही वर्षांत प्रांत बराचसा शांत झाला.

या कथेने मी भुलून जात नाही. इंग्रजांस न्याय नको होता, महसूल हवा होता. सेंधव्याच्या घाटाचा राखणदार खाज्या नाईक हा त्यांचाच चाकर. त्याने १८५७ त बंड केले, आणि १८५८ च्या एप्रिलात आंबापाणीस मोठी लढाई झाली. भाकरी दिली पण मान दिला नाही, तर शांतता किती टिकते हे त्यावरून दिसते.

कायद्याच्या पक्षास एक गोष्ट मात्र मी मोकळेपणाने देतो. आपल्या जिल्ह्यातील ज्या गोळ्या लोकांच्या स्मरणात आहेत, त्या दरिद्र्याने झाडलेल्या नाहीत. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात शिरीषकुमार व त्याचे चार सोबती पडले, ते पोलिसांच्या गोळीने. १९७१ च्या मे महिन्यात शहादे तालुक्यात पाटीलवाडीस धान्य मागावयास गेलेल्या आदिवासींवर गोळ्या झाडल्या, त्या जमीनमालकांच्या बाजूने. एक माणूस मेला. अशा ठिकाणी भुकेल्यास उपदेश करून काय उपयोग? तेथे बंदूकवाल्यासच कायद्याने आवरले पाहिजे. पण पुढे काय झाले तेही पाहा. अंबरसिंग सुरतवंती व त्यांच्या सहकाऱ्यांनी सूडाची बंदूक मागितली नाही. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यास भूमुक्ती मेळावा भरला, हातच्या गेलेल्या जमिनींचा हिशेब मागितला गेला, आणि स्त्रियांनी दारूचे अड्डे मोडले. दारूचा आणि हाणामारीचा संबंध आपल्या पाड्यांवरील बायकांस कोणी शिकवावा लागत नाही.

अमेरिकेतील बोस्टन शहरात १९९६ साली पोलीस, समाजसेवक व पाद्री एकत्र येऊन टोळ्यांतील तरुणांस समोरासमोर भेटले : गोळी चालली तर सारी टोळी धरू, आणि सोडावयाची असेल तर काम व मदत देऊ. पुढील काळात तरुणांचे खून निम्म्याहून कमी झाले. मला हा मार्ग पटतो, कारण त्यात धाक आणि हात दोन्ही एकाच माणसाकडून येतात. एकच निवडा असे कोणी म्हटले, तर मात्र मी हात निवडीन.

असे का, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील सायंकाळी माझ्या घरी आले. मुलगा एकोणीस वर्षांचा, गुजरातेत ऊसतोडीस गेलेला. त्याच्या मोबाइलवर कट्टा हाती घेऊन काढलेले छायाचित्र त्यांनी दाखविले. म्हणाले, “गुरुजी, पोलिसात सांगू तर पोरगा जाईल, न सांगू तर कोणीतरी मरेल. काय करू?” कायदा मला पाठ होता, तरी तोंडून शब्द निघेना. मुलास बोलाविले. कट्टा मुकादमाच्या माणसाचा होता. उचल फेडल्याशिवाय मजुराने पळू नये म्हणून तो फडावर दाखविला जाई, आणि मुलाने हौसेने एकदा हाती घेतला होता. आम्ही तिघे पोलीसपाटलाकडे गेलो व ज्याचे शस्त्र त्याचे नाव सांगितले. त्या रात्री मुलाच्या आईने चूल पेटविली नाही.

तो आता आय.टी.आय.त वीजतंत्रीचे काम शिकतो. घरची उचल अद्याप फिटलेली नाही. यंदाही दिवाळीनंतर वडील एकटेच फडावर गेले.