मेमरीचा भाव आणि कार्डाची पत

फ्लॅश मेमरी घडविणाऱ्या कंपन्यांच्या समभागांविषयी गुंतवणूकदारांत जी चर्चा चालते, तिच्यात क्षमतेच्या आकड्यांना अवाजवी मान मिळतो, आणि गिऱ्हाईक कोण व ते नेमके कशाचे मोल देतो याची खातरजमा मात्र राहून जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. स्मार्ट कार्डांच्या बाजारात शिरू पाहणाऱ्या एम-सिस्टिम्स या इस्रायली कंपनीची हकिकत या मताला पुष्टी देते.

सिम कार्डात जेथे तोवर किलोबाइटांत मोजावी एवढीच जागा असे, तेथे शेकडो मेगाबाइटांपर्यंत फ्लॅश मेमरी बसविण्याची मेगासिम नामक योजना या कंपनीने २००५ साली मांडली, आणि त्याच सुमारास मायक्रोइलेक्ट्रॉनिका ही कार्डे बनविणारी स्पॅनिश कंपनीही ताब्यात घेतली. पुढच्याच वर्षी फ्लॅश मेमरी बनविणाऱ्या सॅनडिस्कने सुमारे दीड अब्ज डॉलरचे समभाग देऊन खुद्द एम-सिस्टिम्सच खरेदी केली. कोट्यवधी सिम कार्डांचा अल्प हिस्सा हाती आला तरी मेमरीला कायमचा खप लाभेल, ही अपेक्षा मोहक होती यात संशय नाही.

परंतु सिम कार्डाचे मर्म त्याच्या जागेत नाही. दूरध्वनी कंपनीने पाठविलेल्या यादृच्छिक संख्येवर कार्ड आपल्यातील गुप्त किल्लीने प्रक्रिया करते, तिचे उत्तर कंपनी पडताळून पाहते, आणि किल्ली मात्र चिपबाहेर कधीच पडत नाही. ही किल्ली अवघ्या १२८ बिटांची, म्हणजे सोळा बाइटांची असते. कार्ड विकत घेणारी दूरध्वनी कंपनी निविदा काढून घाऊक भावाने माल उचलते. ग्राहकाच्या छायाचित्रांसाठी जादा जागेचा खर्च तिने का सोसावा, विशेषतः जेव्हा तोच ग्राहक स्वखर्चाने मायक्रोएसडी कार्ड विकत घेतो? किल्लीचे निर्धोक जतन आणि त्याविषयीची पत हेच या धंद्याचे खरे भांडवल होते, आणि २००६ साली अ‍ॅक्साल्टो व जेमप्लस या स्मार्ट कार्डे बनविणाऱ्या कंपन्यांच्या विलीनीकरणातून निघालेल्या जेमाल्टोपाशी ते होते. याउलट २००८ साली मेमरीचे भाव कोसळले, तेव्हा सॅनडिस्कला सुमारे दोन अब्ज डॉलरचा तोटा झाला, आणि पूर्वी खरेदी केलेल्या कंपन्यांची ताळेबंदात मांडलेली किंमतही मोठ्या प्रमाणात खर्ची टाकावी लागली.

ओळख पटविण्यासाठी कार्डच हवे असेही नाही. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिले आधार क्रमांक दिले गेले, तेव्हा सरकारने नागरिकाच्या हाती चिप न देता केवळ क्रमांक दिला व सारा दफ्तरखाना मध्यवर्ती संगणकांत ठेवला. कार्डातील जागेवर भिस्त ठेवणाऱ्यांनी या घटनेची दखल घ्यावयास हवी होती. २०२२ साली अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ मध्ये तर सिमची खाचच उरली नाही.

२०१६ साली वेस्टर्न डिजिटलमध्ये विलीन झालेली सॅनडिस्क फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा स्वतंत्र झाली आहे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांसाठी लागणाऱ्या मेमरीच्या नावाने लहान गुंतवणूकदारही तिच्यासारख्या समभागांकडे वळत आहेत. त्यांचे कष्टार्जित द्रव्य पणाला लागलेले असल्यामुळे मागणी किती मुदतीच्या करारांनी बांधलेली आहे, करारात भाव ठरलेला आहे की बाजारावर सोडलेला आहे, आणि सॅमसंग, एसके हायनिक्स, किओक्सिया व मायक्रॉन यांचे नवे उत्पादन केव्हा बाजारात उतरणार, एवढी माहिती दलालांनी शिफारशीसोबतच लेखी द्यावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.